स्वयंचलित मोटारीला घाट कसा कळतो?

मनमाडहून मुंबईस मोटारीने जावयाचे म्हणजे प्रथम चांदवड गाठावयाचे, तेथून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक, पुढे इगतपुरी, आणि शेवटी कसाऱ्याचा घाट उतरून कोकणपट्टीत यावयाचे. परत येताना तोच घाट चढावा लागतो; आणि ज्या कुटुंबाने नुकतीच ऑटोमॅटिक गिअरची मोटार घेतली असेल, त्याला या चढणीवर एक चमत्कारिक अनुभव येतो. पुढे मालाने भरलेला ट्रक बैलाच्या पावलाने चाललेला असतो. शेजारची वाट दूरवर मोकळी दिसते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, परंतु गाडी क्षणभर काहीच करीत नाही. जणू तिला प्रश्न ऐकूच गेला नाही. मग इंजिन एकाएकी ओरडू लागते, गाडी झेप घेते, ट्रक मागे पडतो. चालकाने हायसे वाटून पाय किंचित सैल करताच गाडी पुन्हा वरचा गिअर घेते आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी तिचा दम तुटतो. पुन्हा खालचा गिअर, पुन्हा वरचा. घाटमाथा येईपर्यंत मागे बसलेल्या आजीबाईंना मळमळू लागलेले असते, आणि नव्या गाडीविषयी घरात दोन पक्ष पडलेले असतात.

अशा वेळी चालकाच्या डाव्या हाताशीच, गिअरच्या दांड्याजवळ, बहुधा ‘एस’ हे अक्षर असते. काही गाड्यांत त्याऐवजी एक लहानसे बटण असते. माहितीपुस्तिकेत त्याला ‘स्पोर्ट’ असे म्हटलेले असते. स्पोर्ट म्हणजे खेळ, शर्यत, तरुणांचा उद्योग. तेव्हा संसारी माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये, अशी समजूत करून घेऊन बहुतेक घरांत त्या अक्षराला वर्षानुवर्षे कोणी हात लावीत नाही. हे नाव ज्याने ठेवले त्याला गाडी विकण्याची कला चांगली अवगत असावी; परंतु त्याने एका उपयुक्त वस्तूचे नुकसान केले, असे म्हणणे भाग आहे. कारण या अक्षराचा इतिहास पाहू गेल्यास त्याचा शर्यतीशी संबंध बेताचाच, आणि चढ-उताराशी मात्र फार जवळचा आहे, असे आढळून येते. तो इतिहास मनमाडच्या स्टेशनापासून सांगावयास आरंभ केला तरी विषयांतर होणार नाही.

मनमाड हे गाव आगगाडीने वाढविले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळघाट, म्हणजे कसारा ते इगतपुरी हा टप्पा, १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि खानदेशाकडे जाणारा लोहमार्ग मुंबईशी अखंड जोडला गेला. १८७८ मध्ये दौंडचा फाटा मनमाडला येऊन मिळाला, आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे (आजचे छत्रपती संभाजीनगर) आलेला मीटर मापाचा मार्गही येथेच टेकला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मार्ग रुंद होईपर्यंत या एका स्टेशनात दोन मापांचे रूळ नांदत होते. अशा गावात इंजिनचालकाचा धंदा घरोघरी ठाऊक असावयाचाच. आणि आजच्या स्पोर्ट मोडचे मर्म त्या धंद्यात शंभर वर्षांपूर्वी रोजच्या व्यवहाराची गोष्ट होती.

वाफेच्या इंजिनाला मोटारीसारखी गिअरची पेटी नसते. तथापि चालकापुढे मुख्यतः दोन दांडे असत. एक रेग्युलेटर, त्याने बाष्पकातील वाफ सिलिंडरांकडे किती सोडावयाची ते ठरे. दुसरा रिव्हर्सचा दांडा. त्याने गाडी मागे किंवा पुढे न्यावयाची हे तर ठरेच, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट ठरे. दट्ट्याच्या प्रत्येक धावेत वाफ किती वेळ आत येऊ द्यावयाची, याचे माप त्या दांड्यावर होते. गाडी जागची हलवावयाची असेल किंवा चढण असेल, तर दांडा पुढे टोकापर्यंत सारून धावेच्या सुमारे तीन चतुर्थांश भागापर्यंत वाफ आत घेत. जोर भरपूर मिळे, पण कोळसा व पाणी यांचा फडशा उडे. सपाटीवर गाडीने वेग घेतला की तोच दांडा चालक हळूहळू मागे ओढी, आणि धावेच्या चौथ्या हिश्शातच वाफ बंद करी. उरलेले काम आत कोंडलेली वाफ आपल्या प्रसरणाने करी. इंजिन तेच, बाष्पक तोच, चाके तीच. दांडा कोठे आहे, एवढ्यावर ते इंजिन उधळे होई किंवा काटकसरी होई.

यातील खरी मेख निराळीच आहे. चालक तो दांडा चढण लागल्यावर हलवीत नसे. चढण लागण्यापूर्वी हलवी. फायरमनही आग आधीच पेटवून ठेवी, कारण वाफेचा साठा आयत्या वेळी तयार होत नाही. हे शक्य होई, कारण त्यांना रस्ता पाठ असे. नव्या मार्गावर स्वतः गाडी चालविण्यापूर्वी तो मार्ग जाणत्या चालकाबरोबर जाऊन शिकला पाहिजे, हा रेल्वेचा दंडक आजही कायम आहे. थळघाटाची चढण ३७ फुटांस १ फूट अशी. नऊ मैलांवर थोड्या अंतरात गाडी ९७२ फूट वर उचलावी लागे. तेथे मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडीत, आणि उतरणीवर एखादी गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला वळवून अडविण्यासाठी बाजूला उलट चढाचे रूळ टाकून ठेवलेले असत. असा घाट अंगावर आल्यानंतर विचार करावयास लागणारा चालक त्या मार्गावर टिकणे शक्य नव्हते.

मोटार आली तेव्हा ही दूरदृष्टी तिच्या चालकालाही शिकावी लागली, किंबहुना अधिकच. कारण पेट्रोलच्या इंजिनात वाफेच्या इंजिनाचा एक मोठा गुण नाही. वाफेचे इंजिन थांबलेल्या स्थितीतही पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलचे इंजिन फिरत असेल तरच जोर देते, आणि मिनिटाला हजार फेरे असताना जेवढी शक्ती देते तिच्या कितीतरी पट चार-पाच हजार फेऱ्यांना देते. म्हणून इंजिन व चाके यांच्यामध्ये दंतचक्रांची पेटी घालावी लागते. खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे पुष्कळ होतात. वेग कमी पण रेटा मोठा. वरच्या गिअरमध्ये याच्या उलट. इंजिन संथ, इंधन कमी, पण चढण आली की दम अपुरा.

१ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) धावली. तोच रस्ता पुढे कोपरगाव व येवला करीत, अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांजवळून मनमाडला येतो. त्या काळच्या अवजड वाहनांच्या पेट्यांत गिअर बदलणे ही कसबाची गोष्ट होती. क्लच एकदा दाबून दांडा मधोमध आणावयाचा, ॲक्सिलरेटरला हलका ठोका देऊन चक्रांचे वेग जुळवावयाचे, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घ्यावयाचा. आणि हे सारे कानाने ऐकून करावयाचे. चूक झाली तर दाते कराकरा वाजत आणि साऱ्या उतारूंना चालकाची योग्यता कळे. या मंडळींचा एक साधा नियम होता: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तो नियम पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता हे कसब यंत्राकडे सोपविण्याची खटपट कोणी व कशी केली, ते पाहिले पाहिजे. तिचा उगम मोटारीत नसून जहाजात आहे. हर्मान फ्योटिंगर नावाचा जर्मन अभियंता स्टेटिनच्या जहाज-कारखान्यात होता. जहाजाचे वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि पाण्यातील पंखा सावकाश फिरला पाहिजे. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा त्याच्यापुढील प्रश्न. १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतले ते द्रवाच्या द्वारे शक्ती नेण्याच्या युक्तीचे. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो; वाऱ्याच्या जागी तेल घातले, आणि दोन्ही पंखे एकाच डब्यात बंद केले, की फ्योटिंगरची कल्पना ध्यानात येते. दोघांमध्ये लोखंडाला लोखंड लागलेले नसते. म्हणून धक्का बसत नाही, आणि क्लचही दाबावा लागत नाही. इंग्लंडातील डेम्लर कंपनीने १९३० मध्ये मोटारीत असे द्रवचक्र घातले व त्याच्या जोडीला वॉल्टर विल्सन यांची गिअरपेटी दिली. हे विल्सन म्हणजे पहिल्या महायुद्धातील रणगाड्याच्या निर्मात्यांपैकी एक. त्यांच्या पेटीत चालक पुढचा गिअर कोणता हवा ते एका लहान दांड्याने आधी सांगून ठेवी, आणि प्रत्यक्ष वेळ आली की पायाने एक पट्टी दाबी. इरादा आधी, कृती मागून. ही पेटी आज कोणाच्या आठवणीत नाही. परंतु यंत्राला आपला हेतू अगाऊ कळविण्याची सोय तिच्यात होती, हे विसरता येत नाही.

पूर्ण स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली ती अमेरिकेतील जनरल मोटर्सने. अर्ल थॉम्प्सन यांनी पूर्वी दाते न वाजता गिअर पडावे अशी सिंक्रोमेशची युक्ती शोधली होती, व ती १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आली होती. त्यांच्याच देखरेखीखाली ‘हायड्रा-मॅटिक’ तयार झाली आणि १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी म्हणून, ती जाहीर झाली. चार गती, द्रवाची जोडणी, क्लचची पट्टी नाही. दुसऱ्या महायुद्धात तीच पेटी अमेरिकन हलक्या रणगाड्यांत बसविली गेली.

या पेटीचा मेंदू तेलाचा होता. एका बाजूने गाडीच्या वेगाप्रमाणे वाढणारा तेलाचा दाब येई. दुसऱ्या बाजूने ॲक्सिलरेटर जितका दाबला असेल त्या मानाने दुसरा दाब येई. दोघांच्या मध्ये एक लहान झडप, तराजूच्या काट्यासारखी. वेगाचा दाब वरचढ ठरला की झडप सरके आणि वरचा गिअर पडे. पायाचा दाब वरचढ ठरला की ती उलटी सरके आणि खालचा गिअर पडे. कोणत्या क्षणी कोणी जिंकावे, हे त्या झडपेच्या स्प्रिंगने ठरे, आणि ती स्प्रिंग कारखान्यात कायमची बसविलेली असे. युक्ती अत्यंत सुबक. परंतु तिची मर्यादाही येथेच उघड होते. या यंत्राला जगातल्या दोनच गोष्टी कळत: गाडी किती वेगाने चालली आहे, आणि पाय किती दाबला आहे. पुढे घाट आहे, वळणापलीकडे ट्रक आहे, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नव्हते. चढणीवर वेग कमी झाला की ते खालचा गिअर घेई; त्या गिअरमुळे वेग वाढला की लगेच वरचा घेई; आणि वेग पुन्हा पडे. कसाऱ्याच्या घाटात आजींना त्रास देणारा हेलकावा तो हाच.

म्हणून १९५२ मध्ये हायड्रा-मॅटिकमध्ये सुधारणा झाली. पुढे जाण्याच्या जागा एकाऐवजी दोन झाल्या. एकीत चारही गती आपोआप पडत. दुसरीत तिसऱ्या गतीवर गाडी अडवून धरली जाई, आणि वेग बराच वाढेपर्यंत चौथी पडत नसे. डोंगराळ रस्ता, गर्दीची वाहतूक, लांब उतार, अशा ठिकाणी ही दुसरी जागा वापरावी, असा तिचा हेतू होता. नाव काहीही असो, आजच्या ‘एस’ची ही सख्खी आजी होय.

यानंतरचा धक्का यंत्रशास्त्रातून आला नाही, तेलाच्या बाजारातून आला. १९७३ मध्ये व पुन्हा १९७९ मध्ये जगात खनिज तेलाची टंचाई झाली, भाव भडकले. अमेरिकेने १९७५ मध्ये मोटारींच्या इंधनखर्चावर कायद्याने बंधन घातले. तेव्हा गाडी बनविणाऱ्यांनी साहजिकच गिअरपेट्या अशा जुळविल्या की वरचा गिअर शक्य तितक्या लवकर पडावा आणि इंजिन शक्य तितके संथ फिरावे. खर्च वाचला, पण गाडी आळसावली. याच सुमारास सुदैवाने विद्युत्कणांची करामत हाताशी आली होती. १९८० नंतरच्या दशकात जपानी व जर्मन कारखान्यांनी गिअरपेटीला लहानसा संगणक जोडला. स्प्रिंग एकच असते. परंतु संगणकाच्या स्मरणात एकाऐवजी दोन-तीन कोष्टके ठेवता येतात. बी. एम. डब्ल्यू. गाड्यांतील झेड. एफ. कंपनीच्या पेटीवर त्या काळी काटकसर, स्पोर्ट व हस्तचलित अशा तिघांची तीन अक्षरे असलेले बटण आले. टोयोटाच्या गाड्यांवर साधा व जोरकस असे दोन पर्याय आले. ‘डी’ हे अक्षर जितके काटकसरी होत गेले, तितकी दुसऱ्या अक्षराची गरज वाढत गेली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. स्पोर्ट मोड हे शर्यतीच्या मैदानाचे अपत्य आहे असे जाहिराती सुचवितात. वस्तुतः तेलटंचाईने त्याला पाळण्यात घातले.

आपल्याकडे हीच गोष्ट दुसऱ्या वेषात घडते. पुण्यास १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था मोटारींची तपासणी करते, आणि एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते हा आकडा अशाच तपासणीतून येतो. तपासणीत गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालविली जाते. रोलरवर घाट नसतो, पुढे ट्रक नसतो, मागे कुटुंब व टपावर सामान नसते. गिऱ्हाईक गाडी घेताना पहिला प्रश्न मात्र त्याच आकड्याचा विचारते. तेव्हा ‘डी’ हे अक्षर रोलरला साजेल असे जुळविले गेले, तर त्यात नवल नाही. आणि घाटात ते गोंधळले तर त्याला दोषही देता येत नाही.

हिंदुस्थानात ऑटोमॅटिक गाडी दीर्घकाळ श्रीमंतांचीच राहिली. किंमत अधिक, द्रवाच्या जोडणीत थोडी शक्ती वाया जाणारी, आणि दुरुस्तीस जाणता कारागीर सर्वत्र मिळेलच असे नाही. नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर महिंद्र कंपनीच्या नाशिकच्या कारखान्यात २००२ पासून स्कॉर्पिओ ही गाडी तयार होऊ लागली, आणि २००८ मध्ये तिला ऑस्ट्रेलियातून आणलेली सहा गतींची स्वयंचलित पेटी मिळाली. परंतु सामान्य घरांत ऑटोमॅटिक शिरली ती २०१४ नंतर. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आलेल्या मारुती सेलेरिओत निराळीच युक्ती होती. पेटी जुनीच, हाताने गिअर घालावयाची. मात्र क्लच दाबणारा पाय व दांडा हलविणारा हात, या दोहोंच्या जागी संगणकाच्या हुकुमाने चालणारी लहान यंत्रे. खर्च कमी, इंधनाची नासाडी जवळजवळ नाही. दोष एवढाच की गिअर बदलताना शक्तीचा ओघ क्षणभर तुटतो आणि बसलेल्यांची मान किंचित पुढे झुकते. त्याच वर्षी टाटांच्या झेस्टमध्ये, आणि २०१५ मध्ये नॅनोमध्येही, अशीच पेटी आली. आणि तिच्याबरोबर स्पोर्ट मोडही आला.

नॅनोचे उदाहरण मुद्दाम रेंगाळून पाहण्यासारखे आहे. ६२४ घन सेंटीमीटरचे इंजिन, शक्ती सुमारे ३८ अश्वांची. आणि त्या गाडीला ‘स्पोर्ट’! पुष्कळांना तेव्हा हसू आले. परंतु विचार केला तर ज्या गाडीजवळ तीनशे अश्वांची शक्ती आहे तिला घाटात खालच्या गिअरची तितकी पर्वा करावी लागत नाही; कोणत्याही गिअरमध्ये तिच्याजवळ पुरून उरेल इतका जोर असतो. ज्या गाडीजवळ अडतीसच अश्व आहेत, तिला ते सर्वच्या सर्व एकाच वेळी जुंपता आले पाहिजेत. आणि ते जुंपले जातात इंजिन साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते तेव्हा, दोन हजारांवर नव्हे. गरीब इंजिनालाच या अक्षराची खरी गरज. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले, पण ही गोष्ट आजच्या लहान गाड्यांनाही तितकीच लागू आहे.

तर मग ‘एस’कडे दांडा नेल्यावर नेमके काय होते? पहिली गोष्ट, जी होत नाही ती सांगितली पाहिजे: बहुतेक साध्या गाड्यांत इंजिनाची शक्ती यत्किंचितही वाढत नाही. वाढते ती तिची तत्परता. ‘डी’मध्ये हलक्या पायाने दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पडणारा वरचा गिअर आता साडेतीन-चार हजारांपर्यंत रोखून धरला जातो. पाय थोडा दाबताच खालचा गिअर लगेच पडतो. आणि पाय सैल केला तरी वरचा गिअर घेण्याची घाई होत नाही, म्हणून वळणावळणांच्या रस्त्यात एकच गिअर टिकून राहतो. ॲक्सिलरेटरही अधिक हळवा होतो. ज्या गाड्यांत पायऱ्यांचे गिअर नसून पट्ट्याने गुणोत्तर सतत बदलणारी पेटी असते, तेथेही तत्त्व हेच: इंजिन चढ्या फेऱ्यांवर तयार ठेवावयाचे. थोडक्यात, इंजिनचालकाने थळघाटाच्या पायथ्याशी दांडा पुढे सारावा, तसे हे आहे. आणि त्या दांड्याप्रमाणेच याचाही उपयोग आधी केला तरच आहे. ट्रकच्या मागे येऊन अडकल्यावर नव्हे. घाटाच्या पहिल्या वळणापूर्वी.

इंधन अर्थातच अधिक जळते. पावसाळ्यात, कसाऱ्याच्या घाटात धुके उतरलेले असताना व रस्ता निसरडा असताना, हळवा ॲक्सिलरेटर धोक्याचा ठरतो; तेथे हा मोड वापरू नये. तसेच गाडी तत्पर झाली म्हणून पुढचा रस्ता मोकळा होत नाही. मनमाड-मालेगावसारख्या रस्त्यावर, जेथे कांद्याचे ट्रॅक्टर, पानेवाडीच्या तेलसाठ्यावरून भरून निघालेले टँकर आणि समोरून येणाऱ्या बसगाड्या यांची दाटी असते, तेथे ओलांडून जाण्याचा निर्णय डोळ्यांनीच घ्यावयाचा असतो.

उतरणीची गोष्ट मात्र याहून गंभीर आहे, आणि तिच्याविषयी घरोघरी फार कमी बोलले जाते. ‘डी’मध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की काटकसरी पेटी वरचा गिअर धरून गाडी मोकळी घरंगळू देते. मग सारा भार ब्रेकवर. दीड टन वजनाची गाडी तीनशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मुक्त होते, ती तेरा लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी असते. काही भाग हवेच्या अडथळ्यात खर्च होतो. उरलेली उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत साठते. तबकड्या तापतात, त्यांवर घासणारे अस्तर पकड सोडू लागते, आणि ब्रेकमधील द्रव जुना होऊन त्यात दमटपणा शिरला असेल तर तो उकळून पट्टी पायाखाली मऊ लागते. खालचा गिअर असला तर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. एस. टी.च्या जुन्या चालकांचा नियम हाच होता. स्पोर्ट मोड त्या नियमाच्या जवळ नेतो. आणि जेथे ‘एल’ किंवा हाताने गिअर निवडण्याची सोय असेल, तेथे लांब उतारावर तीच अधिक खात्रीची. तीनशे मीटर उतरून कसाऱ्यास पोहोचल्यावर चाकांजवळ जळका वास येत असेल, तर चूक गाडीची नसते.

यंत्रे अलीकडे शहाणी होत चालली आहेत, हे खरे. १९९० नंतरच्या दशकात चढण ओळखून गिअर धरून ठेवणारी गणिते आली: इंजिन इतका जोर लावीत असता वेग अपेक्षेइतका का वाढत नाही, त्या अर्थी चढ असला पाहिजे, असा त्यांचा तर्क. परंतु हा तर्क चढ लागल्यानंतरचा. २०१३ मध्ये रोल्स-रॉइसच्या रेथ या गाडीत उपग्रहाच्या साहाय्याने नकाशा पाहून पुढील वळणासाठी आधीच गिअर निवडणारी पेटी आली. युरोपातील मोठ्या मालमोटारींतही असे पुढचे चढउतार जाणणारे यंत्र याच काळात आले. मनमाडच्या इंजिनचालकाला रस्ता पाठ असे. तो पाठ करावयास मोटारीला शतकाहून अधिक काळ लागला. विजेच्या गाडीत तर गिअर बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. पुण्याजवळ रांजणगावास तयार होणाऱ्या टाटांच्या नेक्सॉनची विजेवरील आवृत्ती २०२० मध्ये आली. तिच्या पेटीत बदलावयास दुसरी गतीच नव्हती, तरी स्पोर्ट मोड होता. पेटी गेली, अक्षर राहिले.

घाटही आता सर्वांना चढावा लागत नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि लांबलचक बोगद्यातून कसाऱ्याच्या वळणांना बगल देता येऊ लागली. तरीही जुना घाटरस्ता अद्याप वाहता आहे, आणि मनमाडकडे परतणाऱ्या गाड्यांपैकी ज्या त्याने येतात त्यांच्यासाठी क्रम सोपा आहे. कसारा मागे पडले, रस्ता डोंगराच्या अंगाला लागला, की पहिल्या वळणाआधी दांडा ‘एस’कडे न्यावा. इंजिनाचा आवाज थोडा चढेल. त्याने दचकण्याचे कारण नाही, ते बिघडलेले नसते, जुंपलेले असते. इगतपुरी आली, वारा गार लागू लागला, रस्ता सपाट झाला, की दांडा पुन्हा ‘डी’वर आणावा. तेथून नाशिकपर्यंत आणि पुढे चांदवडवरून मनमाडपर्यंत काटकसरीला हरकत नाही.